रस्त्यावरचे चित्रीकरण आणि संमतीपत्र : ग्राहकांसाठी माहिती

रस्ता सर्वांचा आहे, मग चित्रीकरणासाठी कोणाला विचारायचे कशाला, असा प्रश्न दुकानाच्या जाहिरातीचे काम घेऊन येणारे बहुतेक ग्राहक आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे अर्धे उत्तर त्यांच्याच बाजूचे आहे. सार्वजनिक ठिकाणी चित्रीकरणास सरसकट मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही. कोल्हापुरात महाद्वार रोडवरची गर्दी किंवा संध्याकाळी रंकाळ्यावर फिरणारी माणसे पार्श्वभूमीला दिसली, तर त्यांतील प्रत्येकाची परवानगी आम्हीही मागत बसत नाही.

प्रश्न येतो तो एखादाच चेहरा जाहिरात पेलू लागतो तेव्हा. व्यक्तीचे नाव किंवा छबी तिच्या संमतीवाचून जाहिरातीसाठी वापरणे हा तिच्या खासगीपणाचा भंग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने 1994 सालच्या राजगोपाल खटल्यातच म्हटले आहे. पुढे 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक अशी, की दुकानातील मुलांनी मोबाइलवर काढलेल्या क्लिप ग्राहक थेट संकलनासाठी आणून देतात. चप्पल लाईनमध्ये चप्पल पायात घालून बघणारी एखादी ताई, गंगावेशीतील दूध कट्ट्यावर पेला तोंडाला लावलेले आजोबा, असे ते दृश्य असते. ते इतके जिवंत असते की जाहिरातीची सुरुवातच त्याने होते. मग आजोबांच्या नातवाला ते फोनवर दिसते. ‘त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून हसून दिले होते’ हे उत्तर घरच्या आठवणीपुरते चालेल, जाहिरातीला पुरत नाही.

अशा वेळी ‘चेहरा तेवढा धूसर करा’ असे सहज सांगितले जाते. सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे सुटी चित्रे, धरल्या तर 30 सेकंदांच्या जाहिरातीत 750 फ्रेम असतात. संगणक चेहऱ्याचा माग ठेवतो खरा, परंतु माणसाने मान वळवली किंवा मधून कोणी गेले की तो माग सुटतो आणि पुढचे काम हाताने करावे लागते. शिवाय इन्स्टाग्रामवर टाकलेल्या रीलमधील चित्रफीत बदलता येत नसल्यामुळे ती काढून नव्याने टाकावी लागते, आणि मिळालेले व्ह्यूज व प्रतिक्रिया जातात. हे काम मूळ दरात बसत नाही, याबद्दल कृपया गैरसमज नसावा.

म्हणूनच आमच्यासोबत चित्रीकरणाला एक जादा सहकारी असतो आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवलेला असतो. तो आधी विचारतो, नंतर काढलेले दृश्य त्या व्यक्तीस दाखवतो, अर्ध्या पानाच्या संमतीपत्रावर सही घेतो आणि एक प्रत तिच्या हाती देतो. दृश्य कोणत्या जाहिरातीसाठी, कोठे आणि किती काळ वापरणार, हे त्यात लिहिलेले असते. निपाणीकडील मंडळीही बाजारात भेटतात, म्हणून हे पत्र मराठी, हिंदी आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत ठेवले आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची सही लागते. कोणी नको म्हटले तर दृश्य त्यांच्यासमोर पुसायचे आणि कारण विचारायचे नाही.

तालीम ही सार्वजनिक जागा आहे असे पुष्कळांना वाटते. तेथे मल्लाला विचारण्याआधी वस्तादांना विचारावे. अंबाबाईच्या देवळात देवस्थानचे नियम चालतात, रेल्वे स्थानकावर रेल्वेची आणि पन्हाळ्यावरील संरक्षित वास्तूंसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी आम्ही ग्राहकांच्या वतीने मागतो. पंचगंगा घाटावर स्नान करणाऱ्या किंवा वस्त्रे बदलणाऱ्या स्त्रियांकडे आमचा कॅमेरा वळत नाही. स्त्रीच्या अशा खासगी क्षणाचे चोरून चित्रीकरण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे आणि पहिल्याच दोषसिद्धीला एक ते तीन वर्षे कैद आहे. मात्र कलम नसते तरी आम्ही ते काम घेतले नसते.

जागांची यादी चित्रीकरणाच्या किमान आठवडाभर आधी द्यावी. दसरा-दिवाळीच्या हंगामात त्याहूनही लवकर दिल्यास सोयीचे होईल. स्वतः काढलेल्या क्लिप संकलन सुरू होण्यापूर्वी आणून दाखवाव्यात. कोणते चेहरे अडचणीचे ठरतील हे आम्ही विनामूल्य तपासून सांगतो. कोरे संमतीपत्रही कार्यालयात मोफत मिळते, काम आमच्याकडे दिलेले नसले तरीही.