मोबाइल फोनवरील आयातशुल्क आणि दुकानातील किंमत (भारत)

परदेशात तयार होऊन भारतात येणाऱ्या मोबाइल फोनवर केंद्र सरकार मूळ सीमाशुल्क आकारते. व्यापारात त्याला सरसकट ‘कस्टम ड्युटी’ म्हणतात. 1 जुलै 2017 पासून हे शुल्क 10 टक्के होते. त्याच वर्षी डिसेंबरात ते 15 आणि फेब्रुवारी 2018 च्या अर्थसंकल्पात 20 टक्के झाले. जुलै 2024 मध्ये ते पुन्हा 15 टक्क्यांवर आणले गेले.

शुल्क लागते ते दुकानातल्या किमतीवर नव्हे, तर माल, विमा आणि वाहतूक मिळून होणाऱ्या मूल्यावर. डॉलरमधले बिल सीमाशुल्क खात्याने अधिसूचित केलेल्या दराने रुपयांत मोडले जाते. त्यामुळे रुपया घसरला की टक्केवारी तीच राहूनही शुल्काची रक्कम वाढते.

समजा, हे मूल्य 50,000 रुपये आहे. 15 टक्क्यांनी मूळ शुल्क 7,500 रुपये. त्या शुल्कावर (मालाच्या किमतीवर नव्हे) 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे 750. बेरीज 58,250. तिच्यावर 18 टक्के एकात्मिक जीएसटी 10,485 रुपये, एकूण 68,735. जुन्या 20 टक्के दराने हाच आकडा 71,980 येतो. पाच टक्क्यांच्या कपातीने पडलेला फरक 3,245 रुपयांचा.

यात एक मेख आहे. आयातीवर भरलेल्या जीएसटीची वजावट आयातदाराला पुढच्या विक्रीत मिळते. मूळ शुल्क आणि अधिभार यांची मिळत नाही. ही रक्कम मालाच्या खर्चातच मुरते, तिच्यावर वितरक आणि दुकानदार आपापला नफा लावतात आणि शेवटी या सगळ्यावर जीएसटी बसतो. मधला नफा एकूण 10 टक्के धरला, तर 100 रुपये मूळ शुल्काचे अधिभारासह 110, नफ्यासह 121 आणि जीएसटीसह जवळपास 143 रुपये होऊन ते गिऱ्हाइकाच्या बिलात येतात.

फोन कुठे जोडला गेला यावर शुल्काचा परिणाम किती ठळक दिसेल हे ठरते. जुलै 2024 च्या कपातीनंतर आयफोन 15 प्रो 1,34,900 वरून 1,29,800 रुपयांवर आला. भारतात जुळणी होणारा साधा आयफोन 15 मात्र 79,900 वरून 79,600 वर, म्हणजे जेमतेम 300 रुपयांनी उतरला. अर्थात प्रत्येक कपात अशी लगेच पोचत नाही. जुन्या दराने शुल्क भरलेला माल गोदामात पडून असेल, तर तो संपेपर्यंत विक्रेता भाव सोडत नाही.

इथे जोडलेल्या फोनलाही शुल्क टळत नाही, ते सुट्या भागांवाटे येते. वादही तिथेच होतात. ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकानुसार नुसती मागची चौकट असलेल्या डिस्प्ले जुळणीवर (जोडून तयार आलेल्या पडद्याच्या संचावर) 10 टक्के शुल्क होते. पण तिच्यावर सिम ट्रे किंवा पॉवर बटण बसवलेले आले, की सगळ्या जुळणीवर 15 टक्के. एका बारीक बटणापायी वर्गीकरण बदलायचे आणि फरकाच्या वसुलीची नोटीस यायची. जानेवारी 2024 च्या अखेरीस यांतल्या बहुतेक भागांवरचे शुल्क 10 टक्क्यांवर आल्याने हा घोळ बराच मिटला.

लॅपटॉपचे गणित निराळे. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारामुळे त्यांवर मूळ सीमाशुल्क शून्य आहे. (मोबाइलही याच करारात येतात असा युरोपीय संघ, जपान आणि तैवान यांचा दावा होता, एप्रिल 2023 मध्ये संघटनेच्या तंटा समितीने बव्हंशी तो मान्य केला.) म्हणून तोच लॅपटॉप दुबईत स्वस्त दिसला, तर त्याला कस्टम ड्युटी कारण नसते, तिथला 5 टक्के व्हॅट आणि इथला 18 टक्के जीएसटी यांतली तफावत आधी पाहावी.