हायवे १ की १०१? आरव्ही घेऊन निघण्याआधी

आई-बाबा भारतातून आले की सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या मराठी घरांत एक बेत हमखास शिजतो: आरव्ही, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घ्यायची आणि समुद्राकाठाने लॉस एंजलिस गाठायचं. ‘पीसीएचने (पॅसिफिक कोस्ट हायवेने) जाऊ’ यावर सगळ्यांचं एकमत. पण पीसीएच म्हणताना एकाच्या डोक्यात हायवे १ असतो, दुसऱ्याच्या १०१. घोटाळा होणारच, कारण दोन्ही उत्तर-दक्षिण धावतात, दोन्हींना समुद्र लागतो आणि मधूनमधून दोन्ही मिळून एकच रस्ता होतो. गोल्डन गेट पुलावर तुम्ही एकाच वेळी १ वरही असता नि १०१ वरही. सांता बार्बरातही तेच.

पाटी मात्र फसवत नाही. १ ची पाटी हिरवी, फावड्याच्या पात्याच्या आकाराची. १८४९ च्या सोन्याच्या धावपळीतल्या खाणकामगारांची ती आठवण. १०१ ची पाटी पांढरी, ढालीसारखी, वर काळे आकडे. नावावर विसंबू नका. ‘पॅसिफिक कोस्ट हायवे’ हे १ च्या दक्षिणेकडच्या तुकड्यांचं नाव. बिग सर या डोंगराळ किनाऱ्यावर तोच रस्ता कॅब्रियो हायवे होतो.

खरा प्रश्न बिग सरचाच. कार्मेल ते सॅन सिमिऑन, साधारण ९० मैल. एका बाजूला सांता लुसियाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली पॅसिफिक. हा रस्ता १९३७ साली खुला झाला आणि तो बांधायला कैद्यांनाही जुंपलं होतं. १९३२ चा बिक्सबी पूल याच वाटेवर. फोटोत सगळं देखणं दिसतं. आरव्हीच्या स्टिअरिंगमागे बसल्यावर गणित बदलतं: गाडी साडेआठ फुटांपर्यंत रुंद, आरसे वेगळे, लेन एकच. दक्षिणेकडे जाताना कड्याची बाजू आपली, आणि चालक डावीकडे बसलेला असल्याने उजवं चाक नेमकं कुठे आहे ते त्याला दिसत नाही. आमच्या २५ फुटी गाडीत तिसऱ्याच वळणाला कपाट उघडलं आणि कुकरचं झाकण घरंगळत थेट बाबांच्या पायाशी आलं. त्यानंतर त्यांनी समुद्राकडे पाहिलंच नाही.

त्यात कॅलिफोर्नियाचा नियम असा, की दुपदरी रस्त्यावर हळू चालणाऱ्या गाडीमागे पाच किंवा जास्त गाड्या साचल्या, तर बाजूच्या मोकळ्या जागेत थांबून त्यांना वाट द्यायची. म्हणजे अर्धा दिवस आरशात बघण्यात जातो. फायफर बीचच्या फाट्यावर तर आरव्हीला मज्जावच आहे. मध्येच कंटाळून १०१ गाठावा, तर डोंगर ओलांडणारा नॅसिमिएंटो-फर्ग्युसन रस्ता अरुंद आणि नागमोडी. तिकडे ही गाडी घालूच नये. शिवाय दरडी. मे २०१७ मध्ये मड क्रीकला डोंगरच खाली आला, तो रस्ता सुरू व्हायला जुलै २०१८ उजाडला. निघायच्या आदल्या रात्री कॅलट्रान्सचा, म्हणजे राज्याच्या रस्ते खात्याचा, क्विकमॅप हा ऑनलाइन नकाशा बघाच.

१०१ चं म्हणाल तर मोठ्या भागात चौपदरी, सॅलिनासच्या खोऱ्यातून लेट्यूसच्या शेतांमधून जाणारा. कडेला वाकड्या खांबांवर घंटा दिसतात. जुन्या स्पॅनिश मिशनांच्या वाटेची ती खूण. पिस्मो बीचला समुद्र भेटतो, गाविओटापासून पुढे सोबतीला येतो. कंटाळवाणा म्हणतात लोक, पण चहा न सांडता पिता येतो.

माझं मत विचाराल तर आरव्ही १०१ नेच न्या. मॉन्टरेला कॅम्पग्राउंडमध्ये उभी करून एक दिवस साधी कार भाड्याने घ्या आणि बिग सर बघून परत या. मग १०१ ने पासो रोब्लेसपर्यंत उतरा, जवळूनच हायवे ४६ ने समुद्राकडे वळा. पिएद्रास ब्लांकासला किनाऱ्यावर पसरलेले एलिफंट सील बघायला मिळतात, आणि तिथवरचा हायवे १ आरव्हीला सोसतो.

उत्तरेकडे निघालात तर लेगेटला १ संपतो, १०१ ला मिळतो. डेना पॉइंटपासून ६५६ मैलांचा त्याचा प्रवास तिथे थांबतो. १०१ पुढे रेडवूडच्या जंगलातून ओरेगॉनमध्ये शिरतो आणि तिथे समुद्राकाठचा रस्ता तोच. मग पीसीएच कुठला, यावर गाडीत वाद घालायची सोयच राहत नाही.