दुर्बिणीने मूत्रपिंडाची शस्त्रक्रिया आणि भुलेतला श्वास

पूर्वी मूत्रपिंडासाठी कुशीत मोठा छेद घेत, अनेकदा बाराव्या बरगडीचा तुकडाही काढत. श्वासाचा खरा त्रास वॉर्डात सुरू होई: दुखण्यामुळे रुग्णाला खोकता येत नसे आणि फुप्फुसाचा तळ मिटून जाई. दुर्बिणीने हे दुखणे बरेच कमी केले, पण श्वासाची परीक्षा टेबलावर आणली.

1976 मध्ये स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पाठीतल्या छिद्रातून खडा काढला. रुग्ण पालथा असतो. छाती आणि कमरेखाली उशा देऊन पोट अधांतरी ठेवले तर फुप्फुसे चांगली भरतात. उशी सरकून पोट दबले की फुप्फुसात हवा ढकलायला लागणारा दाब चढतो. सुई अकराव्या बरगडीच्या वरून गेली तर मूत्रपिंड धुण्याचे पाणी छातीत शिरू शकते.

1990 मध्ये सेंट लुईसला क्लेमन यांनी लॅपरोस्कोपीने, म्हणजे पोटात दुर्बीण घालून, मूत्रपिंड काढले. पोटात 12 ते 15 मिमी पाऱ्याच्या दाबाने कार्बन डायऑक्साइड भरला की श्वासपटल वर ढकलले जाते आणि फुप्फुसांची लवचिकता 30 ते 50 टक्के घटते. श्वासनलिकेचा दुभागही वर सरकतो, म्हणून श्वासासाठी घातलेली ट्यूब उजव्या फुप्फुसात उतरू शकते. कूस बदलल्यावर आणि गॅस भरल्यावर, दोन्ही वेळा छाती ऐकावी.

पोटाच्या पोकळीमागून जायची वाट मात्र मुंबईने सोपी केली. पोकळीमागच्या घट्ट मेदात नुसत्या गॅसने जागा होत नव्हती. बॉम्बे हॉस्पिटलच्या डॉ. गौर यांनी रबरी कॅथेटरला (नळीला) हातमोजा बांधून, रक्तदाब मोजायच्या यंत्राच्या पंपाने फुगवून ती जागा केली. 1992 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. किती साधे सामान, आणि जगभर किती कामी आले!

पण अशा मोकळ्या केलेल्या जागेतून गॅस त्वचेखाली पसरू शकतो. श्वासाचा वेग वाढवूनही ईटीसीओटू (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड) चढतच राहिला तर मान आणि छाती चाचपावी. कुरकुर लागली तर गॅसचा दाब उतरवायला सांगावे. श्वासाच्या हवेचा दाब चढून ऑक्सिजन आणि रक्तदाब दोन्ही पडले, तर श्वासपटलाला छिद्र पडून छातीत गॅस गेल्याची शंका घ्यावी आणि गॅस ताबडतोब बंद करवावा.

टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाची हवा) उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे 6 ते 8 मिली, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) 5 सेंमी पाण्यापासून पुढे. कार्बन डायऑक्साइड श्वासांची संख्या वाढवून काढावा, श्वास मोठा करून नव्हे. त्वचेखाली गॅस असेल तर ट्यूब काढायची घाई नको. तो नंतरही रक्तात येत राहतो.