सोलर पॅनल बनवायलाच जास्त वीज लागते?

"सोलर पॅनल बनवायला जेवढी वीज खर्च होते तेवढी तो आयुष्यभरात परत देतच नाही" हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. अगदीच हवेतून आलेला नाहीये तो, सुरुवातीच्या काळात पॅनलमधल्या, उन्हापासून वीज करणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्या जाड असायच्या, कापताना वायाही खूप जायचं, त्यामुळे तेव्हा ही शंका रास्तच होती. आता चकती 0.2 मिमीपेक्षाही पातळ असते.

घरबसल्या तपासता येतं बघा. आपल्याकडे 1 किलोवॉटचा पॅनल पावसाळा धरून सरासरी दिवसाला साधारण 4 युनिट देतो, म्हणजे वर्षाला 1400 च्या आसपास (शेजारी कोणाकडे सोलर असेल तर इन्व्हर्टरच्या ॲपवर आकडा दिसतो, मागा खुशाल). 25 वर्षांत, थोडी घट धरूनही, 30 हजार युनिटच्या वर. आता बनवायला एवढी वीज लागत असती तर कारखान्याला अगदी 3 रुपयांनी मिळाली तरी नुसतं वीजबिलच 90 हजार, आणि बाजारात 1 किलोवॉटचे पॅनल त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, मग कोण तोट्यात विकत बसेल एवढी वर्षं?

खरं म्हणजे भरपूर उन्हाच्या ठिकाणी पॅनल बनवायला लागलेली ऊर्जा एक-दोन वर्षांत वसूल होते.

हां, बरेच पॅनल चीनमध्ये कोळशाच्या विजेवर बनतात, तो धूर होतोच. पण तो धरूनही युनिटमागे कार्बन डायऑक्साइड 50 ग्रॅमच्या आसपास, कोळशाच्या विजेला 900 ग्रॅमच्या वर.