गोटा केला, पागोटं कुठे?

एप्रिल निम्मा सरला की इंदूरच्या सलूनांत एक ठरावीक गिऱ्हाईक दिसू लागतं. परीक्षा संपलेला, आजोबांनी हाताला धरून आणलेला सात-आठ वर्षांचा पोरगा. 'गोटा करून टाका, उन्हाळ्यात डोकं थंड राहील,' अशी फर्माईश असते. रामबागेतल्या मराठी घरांमध्ये त्याला जोडूनच येतं, 'आणि केसही दाट येतील.' हल्ली त्या खुर्चीत पस्तिशी-चाळिशीतले पुरुषही असतात. उरलेल्या केसांची जुळवाजुळव रोज सकाळी करण्यापेक्षा एकदाच चकोट करून ते मोकळे होतात. मला हा निर्णय मनापासून पटतो. पण थंडाव्याचा दावा अर्धाच खरा आहे आणि दाट केसांचा अजिबात नाही.

थंडाव्याचं आधी पाहू. टीना लसिसी, नीना जाब्लॉन्स्की या मानवशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उष्णता किती आत येते आणि किती बाहेर जाते हे मोजणारा एक पुतळा त्यांनी घेतला. त्याच्या डोक्यावर आळीपाळीनं सरळ, थोड्या कुरळ्या आणि अगदी गुंतवळ कुरळ्या मानवी केसांचे टोप चढवले, एकदा त्याला तुळतुळीतही ठेवलं आणि वरून सूर्यासारखे दिवे सोडले. कोणताही टोप असला तरी उन्हाची उष्णता डोक्यापर्यंत कमी पोचली. सर्वांत कमी पोचली ती कुरळ्या केसांखाली, कारण त्यांच्या वेटोळ्यांत हवा अडकून राहते आणि तापणारा वरचा थर कातडीपासून लांब असतो. उघडं डोकं ओलं केलं तर त्यावरून बाष्पीभवनानं सर्वांत जास्त उष्णता निघून गेली, हेही दिसलं. पण दिव्याखाली ते डोकं उष्णता घेतही इतकी होतं की हिशेब जुळवायला घाम जास्त गाळावा लागला असता.

हा हिशेब इंदूरला लावून पाहा. एप्रिल-मेमध्ये माळव्याची हवा कोरडी असते, घाम आला की सुकतो. त्यामुळे घरात, पंख्याखाली, किंवा सूर्य मावळल्यावर गच्चीत गोटा केलेला माणूस खरोखर सुखात असतो. 'शब-ए-मालवा'ची, म्हणजे माळव्यातल्या रात्रीची, कीर्ती त्याच्याइतकी दुसऱ्या कुणाला कळत नसेल. तोच माणूस दुपारी बारा वाजता राजवाड्यासमोर उभा राहिला की बाजी पालटते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तर घाम सुकण्याऐवजी मानेवर ओघळतो, म्हणजे बाष्पीभवनाचा फायदाही उणावतो.

त्यातून आपलं गाव कर्कवृत्ताच्या थोडंसं दक्षिणेला आहे, म्हणून इथे वर्षातून दोनदा सूर्य अगदी डोक्यावर येतो. एकदा जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात. दुसऱ्या वेळी बहुधा ढग असतात, पहिल्या वेळी क्वचित. सूर्य माथ्यावर असताना किरण चेहऱ्याला चाटून जातात आणि टाळूवर सरळ पडतात. मे महिन्यातल्या निरभ्र दुपारी इथला अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ही सर्वांत वरची पायरी. आणि हे ऊन पडतं कुठे, तर वर्षानुवर्षं केसांच्या सावलीत राहिलेल्या कातडीवर. गोटा केल्यावर डोकं चेहऱ्यापेक्षा दोन छटा उजळ दिसतं ते यामुळेच. ऊन न लागल्यानं तिथे मेलॅनिन हे कातडीचं रंगद्रव्य कमी तयार झालेलं असतं, म्हणजे कपाळाकडे जेवढं संरक्षण आहे तेवढंही टाळूकडे नसतं.

आपल्या पणजोबांच्या पिढीला याची चिंता नव्हती. शेंडी आणि घेरा ठेवून बाकी डोकं ते नियमानं तासून घेत, पण त्या डोक्यानं कुणी घराबाहेर पडत नसे. वर पगडी तरी असे किंवा पागोटं तरी. कापडाचे थरावर थर आणि त्यांच्यात अडकलेली हवा म्हणजे कुरळ्या केसांनी पुतळ्यावर जे केलं तेच काम. त्यांनी ते शास्त्र म्हणून केलं असं मी म्हणणार नाही, रूढी म्हणूनच केलं असेल. पण गोटा आणि पागोटं ही जोडी होती, आणि आपण तिच्यातला फक्त गोटा उचलला.

पागोटं आता कुणी बांधणार नाही, तेव्हा घट्ट विणीची सुती टोपी घ्यावी. जाळीच्या टोपीतून हवा येते तसं ऊनही येतं. टोपी नको असेल तर सनस्क्रीन, किमान एसपीएफ ३० चं. बाटलीवरचा आकडा प्रयोगशाळेत मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन. टाळूचं क्षेत्रफळ ढोबळमानानं ५०० चौरस सेंटिमीटर धरलं तर एक ग्रॅम, म्हणजे चहाचा पाव चमचा लागतो. लोक लावतात ते बोटाच्या टोकावरचा ठिपका, आणि मग 'याचा काही उपयोग होत नाही' म्हणतात. घाम येत असेल तर दोन तासांनी पुन्हा लावायचं. कानांची वरची कड आणि मानेचा मागचा भाग हमखास विसरला जातो.

आता दाट केसांचं. कातडीवर दिसणारा केस हा मेलेल्या पेशींचा, केराटिनचा धागा आहे. जिवंत कारखाना कातडीखाली तीन-चार मिलिमीटरवर असतो आणि वस्तऱ्याची त्याच्याशी कधी गाठच पडत नाही. न कापलेला केस टोकाशी निमुळता असतो. कापला की सपाट बुंधा वर येतो, हाताला खरखरीत लागतो आणि डोळ्याला जाड दिसतो. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ बाईंनी १९२८ सालीच पुरुषांच्या दाढीचे केस मोजून दाखवलं होतं की तासण्यानं ना जाडी बदलते ना वाढीचा वेग. १९७० मध्ये तरुणांच्या एकाच पायावरचे केस कित्येक महिने दर आठवड्याला तासून पाहिले, तेव्हाही दोन्ही पायांत फरक निघाला नाही. जावळाचंही तेच. बाळाचे गर्भातले केस पहिल्या काही महिन्यांत बरेचसे आपोआप गळतात आणि त्या जागी वयाप्रमाणे दणकट केस येतात. जावळ त्याच सुमारास काढतात म्हणून श्रेय वस्तऱ्याला मिळतं. सोहळा जरूर करावा, पेढे खावेत, एवढंच.

टक्कल पडणाऱ्यांनाही तासण्यानं नुकसान नाही आणि लाभही नाही. तिथे खेळ डीएचटी या संप्रेरकाचा. टेस्टोस्टेरॉनपासून ते बनतं आणि ज्यांच्या केसमुळांना आनुवंशिकतेनं त्याची बाधा होते, ती मुळं दर फेरीत आखूड आणि बारीक केस देत लव होऊन जातात. पुरुषी संप्रेरकाशिवाय टक्कल पडत नाही, हे जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवलं. पौगंडाआधी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जाऊ लागले. मागची आणि कानांवरची झालर या संप्रेरकाला दाद देत नाही. म्हणूनच सकाळी चकोट केलेल्या डोक्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घोड्याच्या नालेसारखी निळसर पट्टी उमटते. केस दिवसाला जेमतेम ०.३५ मिलिमीटर वाढतो, पण तेवढंही दिसायला पुरतं.

तासताना घाई नको. कोरडा केस चिवट असतो. दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यानं भिजला की पाणी शोषून फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. केस इतका मऊ असून ब्लेड बोथट कसं होतं, हा प्रश्न एमआयटीतल्या जानलुका रोशोली या संशोधकाला पडला. त्यानं स्वतःची दाढी करून ब्लेडं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पोलाद केसाहून सुमारे ५० पट कठीण असतं, तरीही पात्याची धार झिजण्याऐवजी तिचे बारीक कपचे उडालेले दिसले. केस वाकून पात्याला तिरका भिडला आणि तिथेच पोलादाची रचना जरा कमकुवत असली, की कपचा उडतो. २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात हे छापून आलं. अशा कपचे उडालेल्या पात्यानं डोकं ओरबाडण्यात शहाणपणा नाही. ब्लेडची काटकसर माणसानं दाढीवर करावी, डोक्यावर नको.

दाढीला नसलेली एक अडचण डोक्याला असते, ती भोवऱ्याची. तिथे केसांची दिशा गोल फिरते, त्यामुळे एकाच रोखानं हात ओढला तर भोवऱ्याच्या अर्ध्या भागात तुम्ही उलटे तासत असता. उलटं तासलं की केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो, आणि कुरळा असेल तर वाढताना वळून आतच घुसतो. मग पुटकुळ्या. मानेवर हे वारंवार झालं तर तिथे कडक गाठी धरतात आणि त्या सहजी जात नाहीत. तेव्हा भोवऱ्यापाशी वस्तराही फिरला पाहिजे.

एवढंसं कापलं तरी डोक्यातून भळाभळा रक्त येतं, त्यालाही कारण आहे. टाळूतल्या रक्तवाहिन्या घट्ट तंतूंच्या थरात जखडलेल्या असतात, त्यामुळे कापल्यावर त्या आकसून मिटू शकत नाहीत. स्वच्छ कापडानं चार-पाच मिनिटं दाबून धरावं. तुरटीही चालते. तिच्यातल्या ॲल्युमिनिअमनं प्रथिनं साकळतात आणि बारीक जखमेवर बूच बसतं. पण सलूनमधला तुरटीचा खडा दिवसभरात अनेकांच्या रक्ताला लागलेला असतो आणि तुरटी हिपॅटायटिस-बीच्या विषाणूला मारेल असं समजू नये. हा विषाणू सुकलेल्या रक्तात शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो. त्याची लस आपल्याकडे बाळांच्या लसीकरणात देशभर आली २०११ च्या सुमारास, म्हणजे आजचे बहुतेक गिऱ्हाईक पुरुष त्या यादीत नाहीत. 'भिया, ब्लेड नया लगाना' हे इंदूरचं वाक्य म्हणूनच संकोच न करता म्हणावं आणि वेष्टण डोळ्यांदेखत फाडलेलं पाहावं.

नंतर आफ्टरशेव्ह चोपडलं की डोक्याची आग आग होते. तीही शब्दशः आगच असते. मिरचीतल्या कॅप्सायसिननं आणि सुमारे ४२ अंशांच्या उष्णतेनं जागा होणारा टीआरपीव्ही-१ हा संवेदना टिपणारा ग्राहक (रिसेप्टर) कातडीच्या मज्जातंतूंत असतो. त्याचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. अल्कोहोलमुळे त्याचा उंबरठा ३४ अंशांच्या आसपास उतरतो, म्हणजे कातडीच्या नेहमीच्या तापमानालाच तो 'भाजलं!' म्हणून ओरडतो. तेव्हा अल्कोहोल नसलेलं साधं मॉइश्चरायझर बरं.

तेलाबद्दल मात्र घरात वाद होणार. गोट्यावर आजी हमखास खोबरेल थापते. एरवी टाळूच्या ग्रंथींतला तेलकट स्राव केसांवर चढतो. केस गेले की तो कातडीवरच साचतो, गुळगुळीत पृष्ठभागावर उजेड परततो आणि डोकं चकाकतं. म्हणजे तेलाची कमतरता तिथे नसतेच. शिवाय प्रत्येकाच्या टाळूवर राहणारी मॅलासेझिया नावाची बुरशी स्वतः मेदाम्लं बनवू शकत नाही, तेलातली खाऊन जगते. खोबरेलातलं लॉरिक आम्लही तिला चालतं. कोंडा किंवा लालसर खवले असतील तर तेल म्हणजे तिला पंगत वाढणं. सौम्य शाम्पूनं रोज धुतलेलं पुरे, आणि खवले हटत नसतील तर किटोकोनाझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू डॉक्टरांना विचारून. हेल्मेट घालणाऱ्यांनी आत धुतलेला सुती रुमाल बांधावा.

हिवाळ्यात उलटी काळजी. हाताच्या बोटांतल्या रक्तवाहिन्या थंडीत आकसतात तशा टाळूतल्या आकसत नाहीत, म्हणून उष्णता जात राहते. जानेवारीत इथे रात्री पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा लोकरी टोपी आतून मऊ कापड लावलेली असावी, ताज्या तासलेल्या कातडीला लोकर टोचते.

आणि वरून नजर ठेवावी. टाळूवरचा खरखरीत, खवल्यांचा ठिपका, रंग किंवा कड बदलणारा तीळ, महिनाभर न भरणारी जखम, यातलं काहीही त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. सावळ्या कातडीत त्वचेचा कर्करोग गोऱ्यांपेक्षा बराच कमी, पण शून्य नाही. अडचण एवढीच की स्वतःचा माथा स्वतःला दिसत नाही. मोबाइलनं महिन्यातून एकदा फोटो काढता येतो. त्याहून सोपं म्हणजे नेहमीच्या कारागिराला सांगून ठेवावं, कारण तो माथा सगळ्यांत जवळून तोच पाहत असतो.