भाजक आला कुठून? एम्पिरिकल फॉर्म्युल्यामागचा पन्नास वर्षांचा घोळ

अकरावीच्या सुरुवातीलाच हे गणित भेटतं आणि सीईटीपर्यंत पिच्छा सोडत नाही. संयुगातल्या मूलद्रव्यांची शेकडेवारी दिलेली असते. प्रत्येक टक्केवारीला त्या मूलद्रव्याच्या अणुवस्तुमानाने भागायचं, उत्तरांतल्या सर्वांत लहान आकड्याने पुन्हा सगळ्यांना भागायचं, कुठे दीड आला तर सगळं दुप्पट करायचं. झाला एम्पिरिकल फॉर्म्युला, म्हणजे अणूंचं सर्वांत साधं गुणोत्तर. मुलं अडतात ती शेवटच्या पायरीवर, १.३३ चं काय करायचं यावर. पहिल्या भागाकारापाशी कोणी थांबत नाही, कारण अणुवस्तुमानांचा तक्ता समोर छापलेलाच असतो. रसायनशास्त्र मात्र याच भागाकारावर जवळपास पन्नास वर्षं अडून बसलं होतं.

शेकडेवारी ठरलेली असते, हेसुद्धा आधी भांडून सिद्ध करावं लागलं. स्पेनमध्ये काम करणारा फ्रेंच रसायनज्ञ जोसेफ प्रूस्त याने अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखवलं, की कॉपर कार्बोनेट खाणीतलं असो वा प्रयोगशाळेत बनवलेलं, त्यातल्या घटकांचं प्रमाण तेच भरतं. नववीतला स्थिर प्रमाणाचा नियम तो हाच. बर्थोले या त्याच्या बड्या समकालीनाला हे पटलं नाही आणि वाद काही वर्षं चालला. प्रूस्त जिंकला हे खरं, पण बर्थोले अगदीच चुकला होता असं नाही. फेरस ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनच्या एका अणूमागे लोखंडाचे अणू ०.९५ च्या आसपास भरतात. परीक्षेत आपण तिथे बिनदिक्कत १ लिहितो.

मग इंग्लंडचा रसायनज्ञ डाल्टन आला. १८०८ च्या पुस्तकात त्याने अणूंना वजनं दिली आणि गुणोत्तर पूर्णांकातच का यावं याचं कारण मिळालं. पण पाण्यात एक ग्रॅम हायड्रोजनमागे ऑक्सिजन किती ग्रॅम, एवढंच तराजू सांगतो. अणू किती, हे तो सांगत नाही. डाल्टनने सोपा मार्ग धरला: दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल तर अणू एकास एक समजा. त्यामुळे पाणी झालं 'एचओ' आणि हायड्रोजनला १ धरून ऑक्सिजनचं वस्तुमान ७, मोजमाप सुधारल्यावर ८. म्हणजे सूत्र काढायला अणुवस्तुमान हवं आणि अणुवस्तुमान ठरवायला सूत्र. यातून सुटायची वाट इटलीच्या अव्होगाद्रोने १८११ मध्येच दाखवली होती: समान तापमान-दाबाला वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान. तिकडे फारसं कोणी फिरकलं नाही.

इकडे तराजूचं काम मात्र सुधारत गेलं. जर्मनीत गिसेनला लीबिग या रसायनज्ञाने १८३१ मध्ये काचेचं एक उपकरण केलं: पाच फुगे असलेली त्रिकोणी वळणाची नळी, आत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण. पदार्थ कॉपर ऑक्साइडबरोबर जाळायचा. निघालेली वाफ कॅल्शियम क्लोराइडच्या नळीत अडकते, कार्बन डायऑक्साइड या फुग्यांत. जाळण्याआधी आणि नंतर दोन्हींचं वजन करायचं. पूर्वी निष्णात माणसाचं असलेलं काम आता विद्यार्थ्यांच्या हातून होऊ लागलं. 'पूर्ण ज्वलन केल्यास इतके ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व इतके पाणी मिळाले' अशी सुरुवात असलेलं प्रत्येक उदाहरण या नळीचं वंशज आहे. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात ती आजही दिसते.

आता ॲसेटिक आम्ल घ्या. ०.३० ग्रॅम जाळलं तर ०.४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.१८ ग्रॅम पाणी मिळतं. म्हणजे कार्बन ०.१२, हायड्रोजन ०.०२ आणि उरलेला ऑक्सिजन ०.१६ ग्रॅम. त्या काळी अनेक जण कार्बन ६ आणि ऑक्सिजन ८ धरत. तसं भागलं तर तिन्हीकडे ०.०२ येतात आणि गुणोत्तर एकास एकास एक. आपल्या तक्त्यातले १२ आणि १६ घेतले, तर ०.०१, ०.०२, ०.०१, म्हणजे 'सीएच२ओ'. तराजू एकच, आकडे तेच, सूत्रं दोन. केकुले या जर्मन रसायनज्ञाने १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात या एकट्या आम्लाची प्रचलित १९ सूत्रं मांडली होती. (त्यात रचनेबद्दलचे मतभेदही होते, सगळा दोष भाजकाचा नाही.)

गुंता सोडवायला सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरूहेला रसायनज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ठराव होऊन प्रश्न मिटला नाही, पण निघताना इटलीच्या कानिझारोची एक पुस्तिका वाटली गेली. तिच्यातली युक्ती साधी होती. अव्होगाद्रोचं म्हणणं खरं मानून, वायुरूपात जाणाऱ्या संयुगांच्या घनतेवरून त्यांची रेणुवस्तुमानं काढा. मग प्रत्येकात कार्बनचा वाटा किती ते पाहा: मिथेनमध्ये १२, इथिलीनमध्ये २४, बेंझीनमध्ये ७२. बाराहून कमी कुठेच नाही आणि जे येतं ते बाराच्या पटीत, तर कार्बनचा अणू १२ चा. ऑक्सिजन तसाच १६ चा. तरुण मेंडेलीव्ह त्या परिषदेला हजर होता. १८६९ मधली त्याची आवर्तसारणी याच वस्तुमानांवर उभी राहिली.

याच घनतेने दुसरंही काम भागलं. फॉर्मल्डिहाइड, ॲसेटिक आम्ल आणि ग्लुकोज या तिघांचा एम्पिरिकल फॉर्म्युला एकच, 'सीएच२ओ'. रेणुवस्तुमान ३०, ६० की १८० हे कळलं की रेणुसूत्र, म्हणजे एका रेणूतले प्रत्यक्ष अणू किती, ते ठरतं. ग्लुकोजची वाफ करता येत नाही, त्याच्यासाठी वेगळे उपाय शोधावे लागले.

पुढे ऑस्ट्रियाच्या प्रेगलने हेच विश्लेषण काही मिलिग्रॅम पदार्थावर आणून ठेवलं, त्याला १९२३ चं नोबेल मिळालं. आज नव्या संयुगाचं सूत्र बहुधा मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र, आधीच सांगून टाकतो, आणि शेकडेवारी उलट्या बाजूने येते: सूत्रावरून काढलेले कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनचे टक्के प्रत्यक्ष मोजलेल्या टक्क्यांशी ताडून पाहायचे. फरक ०.४ टक्क्याच्या आत असावा, अशी बऱ्याच संशोधन-नियतकालिकांची अट असते.