बेट्स पद्धती

चष्म्याशिवाय नजर सुधारण्यासाठी न्यूयॉर्कमधील नेत्रवैद्य विल्यम होरेशिओ बेट्स (१८६०–१९३१) यांनी मांडलेली उपचारपद्धती. नजर बिघडते ती मनाच्या ताणामुळे, आणि मन सैल पडले की डोळा सैल पडून नंबर उतरतो, हे तिचे मुख्य सूत्र. ‘चष्मा घालवा’ म्हणून आज पुस्तकांत, शिबिरांत आणि मोबाइलवर जे उपाय फिरतात, त्यांतील बऱ्याच उपायांचे मूळ शोधत गेले तर माणूस बेट्सपाशी येऊन थांबतो.

बेट्स हे रीतसर शिकलेले डॉक्टर होते. अधिवृक्क ग्रंथीच्या (मूत्रपिंडावर असणाऱ्या ग्रंथीच्या) अर्काचा डोळ्यांसाठी होणारा उपयोग त्यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केला होता. ते काम आजही आदराने सांगावे असे आहे. चष्म्याविषयीची त्यांची मते मात्र हळूहळू प्रस्थापित नेत्रवैद्यकापासून दूर गेली. १९१९ पासून त्यांनी ‘बेटर आयसाइट’ हे मासिक चालवले आणि १९२० मध्ये आपले मुख्य पुस्तक स्वतःच छापले.

वादाचा मुद्दा नेमका आहे. जवळचे पाहताना डोळ्यातले भिंग फुगते आणि दूर पाहताना ते चपटे होते, असे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५५ मध्ये मांडले होते. बेट्स यांनी मासे, ससे, मांजरे यांच्या डोळ्यांवर प्रयोग केले आणि भिंगाचा यात काही भाग नाही असा निष्कर्ष काढला. त्यांच्या मते डोळ्याच्या गोळ्याला बाहेरून धरणारे सहा स्नायू त्याला दाबून लांबट वा आखूड करतात. नीट दिसावे म्हणून माणूस जिवाच्या आकांताने पाहतो, त्या धडपडीने हे स्नायू आवळलेले राहतात आणि त्यातूनच लांबचा (उणे) नंबर, जवळचा नंबर, चाळिशी, सगळे काही उद्भवते.

उपाय याच विचारातून आलेले आहेत. सर्वांत प्रसिद्ध उपाय म्हणजे तळहातांनी डोळे झाकणे. टेबलावर कोपरे टेकवायची, हातांच्या ओंजळी डोळ्यांवर अशा ठेवायच्या की बुबुळांवर जराही दाब येऊ नये, आणि बोटे कपाळावर एकमेकांवर येऊ द्यायची. मग आतला अंधार पाहत बसायचे. सुरुवातीला राखाडी ढग आणि ठिणग्या दिसतात. काळा रंग जितका गडद दिसेल तितके मन शांत, असे बेट्स मानत. दुसरा उपाय स्मरणाचा आहे. नजर तपासण्याच्या तक्त्यावरचे एखादे अक्षर किंवा पूर्णविरामाचा ठिपका पाहायचा, डोळे मिटून त्याचा काळेपणा आठवायचा आणि तो मनात धरूनच डोळे उघडायचे. उभे राहून अंग दोन्ही बाजूंना संथपणे झुलवणे आणि डोळ्यांवर ऊन घेणे हे आणखी दोन उपाय.

या पद्धतीला जगभर नाव मिळाले ते इंग्रज लेखक ऑल्डस हक्सले यांच्यामुळे. सोळाव्या वर्षी पारपटलाच्या (बुबुळावरील पारदर्शक पडद्याच्या) दाहाने त्यांची नजर जवळपास गेली होती. कॅलिफोर्नियात मार्गारेट कॉर्बेट या शिक्षिकेकडे धडे घेतल्यावर आपण चष्म्याविना वाचू लागलो, असे त्यांनी १९४२ च्या ‘द आर्ट ऑफ सीइंग’मध्ये लिहिले. भारतात डॉ. आर. एस. अग्रवाल यांनी ही पद्धत आधी दिल्लीत आणि नंतर पुदुच्चेरीच्या श्री अरविंद आश्रमात रुजवली. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘माइंड अँड व्हिजन’ आहे. आपल्याकडे तिची त्राटकाशी गल्लत होते. त्राटक ही हठयोगातील षट्कर्मांपैकी एक क्रिया आहे. तिच्यात पाणी येईपर्यंत एका बिंदूवर टक लावायची असते, तर बेट्स टक लावण्यालाच दोष देत आणि नजर हलती ठेवा म्हणत. हात चोळून ऊब डोळ्यांना देण्याची योगवर्गातली सवयही बाहेरून तशीच दिसते, पण बेट्स यांच्या कृतीत ऊब महत्त्वाची नव्हती, अंधार होता.

बेट्स यांचे मूळ गृहीतक चूक होते, हे स्पष्ट सांगायला हवे. अॅट्रोपिन या औषधाचा थेंब डोळ्यात घातला तरी बाहेरचे सहाही स्नायू व्यवस्थित चालतात, पण हातातले वर्तमानपत्र धूसर होते, कारण भिंग फुगवणारा आतला स्नायू तेवढ्यापुरता लुळा पडलेला असतो. प्रौढ डोळ्याची लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते. ती एका मिलिमीटरने जास्त झाली की अडीच-तीन डायॉप्टरचा (चष्म्याचा नंबर मोजण्याचे एकक) उणे नंबर येतो. मन कितीही शांत केले तरी वाढलेला गोळा आखूड होत नाही. चाळिशीचे कारणही ताण नसून कडक होत जाणारे भिंग हे आहे.

मग लोकांना फरक पडतो तो कसा? त्यांचा अनुभव खोटा नसतो. धूसर अक्षरांतूनही अर्थ लावायला मेंदू सरावाने शिकतो, म्हणून नंबर तोच राहून तक्त्यावरची आणखी एखादी ओळ वाचता येते. अश्रूंचा थर क्षणभर लेन्ससारखे काम करतो आणि लख्ख दिसून जाते. तासन्‌तास जवळचे काम करणाऱ्यांच्या डोळ्यांतला आतला स्नायू कधी आकुंचित राहतो आणि खोटा उणे नंबर दाखवतो. तो विश्रांतीने खरोखर उतरू शकतो. थकलेल्या डोळ्यांना पाच मिनिटांचा अंधार सुखावतो, यातही वाद नाही.

मुलांच्या बाबतीत उपयोगी ठरलेला घरगुती उपाय वेगळाच आहे. चीनमधील ग्वांगझू येथे शाळेत रोज ४० मिनिटे जास्त मैदानावर घालवणाऱ्या मुलांपैकी तीन वर्षांत ३०.४ टक्क्यांना लांबचा नंबर लागला, तर इतर मुलांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत मुले फक्त बाहेर असत, सूर्याकडे पाहत नसत. सूर्याकडे थेट पाहिल्याने दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला, प्रतिमा उमटणारा पडदा) कायमचे भाजू शकते.

खरा धोका वाया जाणाऱ्या वेळेचा आहे. एका डोळ्याला मोठा नंबर असलेल्या मुलाला वेळेत चष्मा मिळाला नाही तर मेंदू त्या डोळ्याकडून आलेले चित्र घेणेच सोडतो, आणि हा आळशी डोळा मोठेपणी सुधारणे कठीण असते. मोठ्यांमध्ये भीती काचबिंदूची. तो बहुधा दुखत नाही. समोरचे अक्षर बराच काळ स्वच्छ दिसत राहते आणि तक्ता वाचून माणूस समाधानी असतो. कडेची नजर गेली आहे हे कित्येकदा दाराच्या चौकटीला खांदा लागू लागल्यावरच कळते.